भैरोबा नावाचे डबे

सांगलीजवळ माधवनगरला आमच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. खाली सासऱ्यांच्या वेळची मागांची शेड होती, ती आता पापडवाल्यांना भाड्याने दिलीय. वर मी बसते. दिवसभर पुण्याच्या एका कंपनीचं काम करते, आणि ते आटोपलं की, खरं सांगायचं तर ते आटोपायच्या आधीच, माझं दुसरं काम काढते. या दुसऱ्या कामाला पगार नाही. सासूबाई त्याला 'हिची समाजसेवा' म्हणतात आणि पाहुण्यांना सांगताना दोन्ही हात हवेत उडवतात.

काम असं. एका कॉम्प्युटरला दुसऱ्याकडे निरोप पाठवायचा असला की मधल्यामध्ये पुष्कळ भानगडी असतात. लाईन तुटते, निरोप अर्धाच जातो, एकच निरोप दोनदा जातो, पलीकडचा बंदच असतो. प्रत्येक प्रोग्रामरने या भानगडी पहिल्यापासून निस्तरत बसू नये म्हणून कुणीतरी एकदा नीट कोड लिहून ठेवतं आणि बाकीचे तो आपापल्या कामात वापरतात. अशा तयार कोडाला आम्ही लायब्ररी म्हणतो. मी जिच्यावर काम करते ती लायब्ररी मुक्त आहे, म्हणजे कुणीही वापरावी, कुणीही उघडून बघावी, चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवावी. ती सांभाळणारे आम्ही मूठभर लोक जगभर विखुरलेलो आहोत. एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुणाचं डोकं कसं चालतं ते पक्कं ठाऊक आहे. माझी तिथली ख्याती म्हणजे चिकट बाई. चूक सापडेपर्यंत मी तिला सोडत नाही आणि समोरच्यालाही सोडत नाही. हा गुण माहेरचा आहे.

माहेर कोरेगाव तालुक्यात. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, फौजेत सिग्नलला होते. उमेदीची वर्षं त्यांनी कानाला हेडफोन लावून काढली आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर ऊस आणि घेवडा करायला लागले, पण घरातलं बोलणं फौजेतलंच राहिलं. आईने कुणाकडे निरोप धाडला आणि आम्ही तो देऊन आलो, की आबा विचारायचे, "पोचला का?" आम्ही म्हणायचो, "सांगितलं की." मग ते भडकायचे. "सांगितलं म्हंजे काम झालं न्हाई. त्यानं ऐकलं आन उलटून बोलला, तवा झालं." आम्हाला परत पिटाळायचे. आजही फोन ठेवण्याआधी ते "पोचलं का?" विचारतात आणि मी "पोचलं" म्हटल्याशिवाय ठेवत नाहीत. मी लायब्ररीत पहिली दुरुस्ती पाठवली ती नेमकी निरोप मिळाल्याची उलट पोच देणाऱ्या भागातच होती. त्यात योगायोग काही नाही.

एका दिवाळीत आबांनी मला विचारलं, तू त्या माडीवर नक्की करतेस काय. मी सांगितलं. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकी एकट्या आबांना ते एका झटक्यात कळलं.

"म्हंजे आमचंच काम, बिनमाणसांचं," ते म्हणाले.

मग त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आमच्या गावाला उपसा योजनेचं पाणी मिळतं. मोठे पंप खालून पाणी उचलतात, पाईपातून ते शेताशेतावरच्या चेंबरात येतं आणि पाळीपाळीने पुढे सरकतं. त्याला आवर्तन म्हणतात. पण आपल्या चेंबरात पाणी नक्की कधी येणार हे सांगता येत नाही, कारण वर लाईट गेली की सगळंच पुढे ढकललं जातं. त्यामुळे पाळी जवळ आली की घरटी एक माणूस चेंबरापाशी बसून राहायचा. माणूस म्हणजे बहुतेक करून बाईमाणूस. माझी आई अशी किती बसली असेल याचा हिशोब तिनेही ठेवला नाही. भाकरी फडक्यात बांधून न्यायची आणि सिमेंटच्या त्या चौकोनात बघत बसायची.

आबा तेव्हा गावच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं, चेंबरावर एक डबा बसवायचा. पाणी आलं की डब्याने निरोप पाठवायचा आणि मालकाचा फोन वाजायचा. बायकांनी घरची कामं करावीत. मी कुपवाडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपकडून डबे करून घेतले. आत एक छोटा कॉम्प्युटर, सिमकार्ड आणि एक दिवा. निरोप पोचून उलट पोच आली की दिवा हिरवा, नाही आली तर लाल. निरोपांची ने-आण अर्थातच आमच्या लायब्ररीवर. गावातल्या लोकांना मशीन म्हटलं की आधी शंका. आबा भैरोबाच्या देवळात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरीनं केलंय. वाकडं काय झालं तर मला धरा." मला हे आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले होते.

पहिलंच आवर्तन आलं आणि डबे मुके झाले.

सगळे नव्हेत. काही बोलले, काही नाही. आज एकाचा बोलला तर उद्या त्याचा गप्प आणि शेजाऱ्याचा चालू. दोन डबे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत चोख चालले. एक आबांचा. दुसरा आमच्या भावकीतल्या एका चुलत्याचा.

आता हे गावात कसं दिसलं असेल ते सांगायला नको. ज्यांचे डबे गप्प राहिले ते डब्याच्या भरवशावर घरी थांबले होते, आणि त्यांच्या चेंबरातलं पाणी बांध फोडून ओढ्याला गेलं. आबांचे एक शाळासोबती आहेत, लहानपणापासूनचे जोडीदार, दोघेही एकाच विहिरीत पोहायला शिकलेले. ते देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "फौजीचा डबा बोलतोय, फौजीच्या भावकीचा बोलतोय. आमचं तेवढं मुकं. गड्या, ह्याला काय म्हणायचं?" आबा कट्ट्यावरून उठले. ते शेतावर गेले, स्वतःच्या डब्याची वायर काढली आणि डबा घरी आणून फळीवर ठेवला. सगळ्यांचे चालतील तेव्हा माझा चालेल, असं आईला सांगितलं. पुढच्या आवर्तनाआधी बैठक ठरली होती. तिच्यात डबे काढून टाकायचा ठराव येणार होता आणि आबा अध्यक्षपद सोडणार होते.

"ते देवळात जाईनात," आई फोनवर म्हणाली. "संध्याकाळी टोपी घालत्यात आन दारातनं माघारी येत्यात."

मला रडू आलं नाही, राग आला. आबांच्या आयुष्यात त्यांना भित्रा म्हणणारे भेटले असतील, हट्टी म्हणणारे तर घरातच होते, पण वशिला लावणारा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. तेही माझ्यामुळे. मी ठरवलं की बैठकीच्या आत हे शोधायचं, बाकीचं जग गेलं उडत.

आधी माडीवरूनच शोधलं. टॉवर कमजोर असेल म्हणून रेंज तपासली. ती सगळीकडे सारखी होती. लाईट ये-जा करते म्हणून निरोपाची वाट बघायचा वेळ वाढवून पाहिला. काही फरक नाही. माझ्या स्क्रीनवर कोण जोडलं गेलं आणि कोण सुटलं याच्या ओळी दिसायच्या. त्यांत चूक म्हणावी असं काहीच नव्हतं, आणि हेच मला खटकत होतं. एखादा निरोप नाकारला गेला असता तर तशी ओळ दिसायला हवी होती. मी लायब्ररीच्या मंडळींना लिहिलं. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या गड्याने त्याच्याकडे तसलीच जोडणी करून पाहिली आणि कळवलं, इथे सगळं व्यवस्थित चालतंय, तुमच्याकडच्या नेटवर्कचा दोष दिसतो. वर माझी तक्रार बंद केली. मी ती पुन्हा उघडली. त्याने पुन्हा बंद केली. मी पुन्हा उघडली आणि सांगलीहून पॅसेंजर पकडून कोरेगावला उतरले.

दोन दिवस मी आणि तो भावकीतला चुलता शेतोशेत हिंडलो. बाकीचे डबे बंद ठेवून प्रत्येक डबा एकटा तपासला. प्रत्येकाचा दिवा हिरवा. दवाखान्याच्या दारात गेलं की अंगातला ताप उतरतो, तसला प्रकार. लोक बांधावर उभे राहून बघायचे. कुणी वाईट बोललं नाही, चहाही दिला, मी तो उभ्याउभ्याच संपवून पुढच्या डब्याकडे निघायचे. एका ठिकाणी एक आजी म्हणाली, "बाई, तू आलीस की बोलतोय. तू हितंच ऱ्हातीस का मग?" ती खरोखरच विचारत होती.

तेव्हा मला सुचलं की मी एकेकाला तपासतेय, आणि रोग एकेकाला नाहीच. पाणी येतं तेव्हा सगळे एकदम चालू असतात. तर सगळ्यांना एकदम एका जागी बसवून बघायचं. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला जाऊन एक्स्टेन्शन बोर्ड आणले आणि गावात सांगितलं की सकाळी डबे घेऊन देवळात या. कुरकुर झाली, पण आले. सभामंडपात सतरंजी घातली होती. लोकांनी डबे आणून ठेवले, काहींनी टॉवेलात गुंडाळून, एका बाईंनी चक्क हळदकुंकू लावून. आबा आले, पण आत नाही. पायरीवर उभे राहिले. त्यांचा डबा घरच्या फळीवरच होता.

सगळे डबे लावले. निरोप पाठवून बघायला प्रत्येकावर एक बटण आहे. मी ओळीने दाबत गेले. लाल. लाल. एक हिरवा. पुढे पुन्हा लाल, लाल, लाल. चुलत्याचा हिरवा. मी पहिल्या हिरव्या डब्याची वायर काढली. थोडा वेळ काहीच झालं नाही आणि मग कोपऱ्यातला, हळदकुंकू लावलेला डबा आपणहून हिरवा झाला. बायकांत कुजबुज झाली. मी आधीचा डबा परत लावला. आता तो लाल. हळदकुंकवाच्या डब्याची वायर काढली, तर तिसराच कुठला तरी हिरवा झाला.

जागा एक होती आणि बसणारे अनेक. जो आधी शिरेल तो बसला, बाकीच्यांना कुणी नाही म्हणत नव्हतं आणि हो पण म्हणत नव्हतं. मी लॅपटॉपवर पाहिलं. तिथे त्याच ओळी होत्या, ज्या मी सांगलीत पाहत होते. भैरोबा जोडला. भैरोबा सुटला. भैरोबा जोडला. तोवर माझी अशी समजूत होती की देवळालगतच्या मळ्यात कुणाचा तरी एक डबा आहे आणि तिथे रेंज जरा कमी आहे.

"ह्यातला भैरोबा नावाचा डबा कुणाचा?" मी विचारलं.

"माझा," आबांचे शाळासोबती म्हणाले.

"माझाबी," मागून कुणीतरी म्हणालं.

"आमचाबी त्योच की."

"तुमी काय नाव घातलंय?"

"आवं, भैरोबाच. दुसरं काय घालायचं?"

मी डोक्याला हात लावला आणि मला हसू फुटलं. डबा पहिल्यांदा चालू करताना फोनवर विचारतो, डब्याचं नाव काय. तेवढीच त्याची ओळख. आमच्या गावात ट्रॅक्टर आला की त्याच्या कपाळावर भैरोबा, मळणी यंत्रावर भैरोबा, पंपाच्या खोलीवर भैरोबा, रसवंतीच्या गाड्यावर भैरोबा. नवीन वस्तू आली की पहिलं नाव देवाचं, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मी याच गावात वाढले आणि तरी मला वाटलं की माणसं मशीनला वेगवेगळी नावं देतील. लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं. त्यांच्या तपासणीतले सगळे डबे पहिला, दुसरा, तिसरा असे शिस्तीत उभे असतात. एकाच नावाचा दुसरा कुणी आला तर लायब्ररी त्याला दारातच सोडून द्यायची, आणि तसं कुणालाच कळवायची नाही. ना डब्याला, ना मला.

आबांनी मात्र डब्याला फौजेतल्या आपल्या जुन्या वायरलेस सेटचा नंबर दिला होता. आणि भावकीतल्या चुलत्याने आपल्या लाडक्या बैलाचं नाव. म्हणून ते दोन चालले. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं. बैलाचं नाव ऐकून मंडप हसला, चुलता लाजला.

"मग देवाचं नाव घातलं ही आमची चूक झाली व्हय?" हळदकुंकूवाल्या बाई म्हणाल्या. हसणं थांबलं.

"न्हाई, मावशी. चूक माझ्या मशीनची हाय," मी म्हणाले. माझं बोलणं आपोआप गावचं झालं होतं. "पण हे नाव पुसून, पुढं आपापल्या शेताचा गट नंबर जोडून परत घातलं तर आजच चालतील सगळे."

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पाणी तोंडावर आलंय. आन आता देवाचं नाव पुसून दुसरं घालायचं? मला न्हाई जमायचं, बाय." त्यांच्यामागून माना हलल्या. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मी तो विषय तिथेच सोडला. तिथे तर्क चालवून मी जिंकले असते आणि डबे दुसऱ्या दिवशी ओढ्यात गेले असते.

शाळासोबती उठता उठता म्हणाले, "आज तू दाखवलंस, पोरी. बरं हाय. पर पाण्याला बोलला तर खरं." आणि पायरीवर उभ्या असलेल्या आबांच्या बाजूने, त्यांच्याकडे न बघता, खाली उतरले. आबांनीही मान वळवली नाही. मला त्या दोघांचीही गचांडी धरावीशी वाटली.

प्रत्येक डबा उघडून आतला प्रोग्राम बदलायचा तर सगळे डबे सांगलीला न्यायला हवे होते, आणि पाणी तोवर थांबणार नव्हतं. एकच वाट होती. जिथे सगळे निरोप येऊन मिळतात त्या माझ्या सर्व्हरवरची लायब्ररीच बदलायची. एकाच नावाचे कितीही आले तरी आत घ्यायचे, ज्याला त्याला आतल्या आत वेगळी खूण द्यायची, आणि कुणाला नाकारायचंच झालं तर तोंड उघडून नाकारायचं. मी माडीवर परत आले आणि कंपनीत रजा टाकली.

लिहायला बसण्याआधी मी जुन्या गड्याला सगळी हकिकत कळवली. त्याचं उत्तर आलं की नावं वेगवेगळी असावीत असं माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, त्यामुळे ही वापरणाऱ्याची चूक. मी पेटले. मी लिहिलं, चूक कुणाचीही असो, ती त्याला सांगायला नको का? तुमची लायब्ररी माणसाला दारात उभं ठेवते आणि आतून कडी लावून गप्प बसते, आणि बाहेर गावात माझ्या बापाला लोक लबाड म्हणतात. एवढं सगळं मी खरंच लिहिलं. पाठवल्यावर पाणी प्यायले. सासूबाई चहा घेऊन वर आल्या आणि माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, "कुणाशी भांडतेस?"

"एका परदेशातल्या माणसाशी."

"चूक कुणाची?"

"त्याची."

"मग सोडू नकोस," असं म्हणून त्या कप ठेवून खाली गेल्या. समाजसेवेचा त्या दिवशी उल्लेख झाला नाही.

आमच्यात रीत अशी की आधी चूक सिद्ध करणारी चाचणी लिहायची. ती नापास व्हायला हवी. मग दुरुस्ती लिहायची आणि तीच चाचणी पास व्हायला हवी. मी चाचणीत डब्यांची एक रांग उभी केली आणि प्रत्येकाचं नाव ठेवलं भैरोबा. चाचणी धडाधड नापास झाली. आता तिथे 'आमच्याकडे चालतंय' म्हणायची सोय कुणालाच राहिली नाही. दुसऱ्या एकाने, तो माणूस जरा मवाळ आहे, मला विचारलं की या शब्दाचा अर्थ काय, आणि त्याऐवजी 'समान नाव' असं काही साधं लिहिलं तर चालेल का. मी कळवलं की हा आमच्या गावचा राखणदार आहे आणि नाव बदलणार नाही. गावाकडून जे मी करून घेतलं नव्हतं, ते इथेही कुणाला करू देणार नव्हते.

पहिली दुरुस्ती केली आणि चाचणी पास झाली. मी खूश. मग चुलत्याला फोन करून सांगितलं की मळ्यातल्या मेन स्विचचा खटका वर-खाली करत राहा, लाईट जाते-येते तसं. त्याने मनापासून केलं. दुपारपर्यंत माझा सर्व्हर गुदमरून बंद पडला. लाईट गेली की डबा काही सांगून जात नाही, तो जागच्या जागी मरतो. सर्व्हरला वाटतं तो अजून आहे. लाईट आली की तोच डबा नव्याने येतो आणि मी आता सगळ्यांना आत घेत असल्याने त्याला नवी जागा मिळते. जुन्याचं भूत जागा अडवून बसलेलंच. खटक्यागणिक भुतं वाढली. पुन्हा पहिल्यापासून बसले. आता प्रत्येक जुन्याला मधूनमधून हाक मारायची, आहेस का? ओ दिली नाही तर त्याची जागा मोकळी करायची. हाक किती लवकर मारायची आणि ओ येण्याची वाट किती बघायची हे जुळवण्यातच माझे पुढचे काही दिवस गेले. घाई केली तर कमजोर रेंजचे जिवंत डबे हाकलले जायचे, सावकाश घेतलं तर भुतं साठायची. चुलता खटका पाडून पाडून कंटाळला. मला म्हणाला, "आगं, खटका जळंल आता." मी म्हटलं, "जळू दे, नवा देते. पाडा." शेवटी एका दुपारी खटका हवा तितका पडला आणि सर्व्हर हूं का चूं न करता चालत राहिला.

लायब्ररीच्या मंडळींनी ती दुरुस्ती घेतली, पण ते पुष्कळ पुढे, पुष्कळ वादानंतर. बैठकीच्या दिवशी ती फक्त माझ्या सर्व्हरवर होती, आणि खऱ्या पाण्यावर ती एकदाही चाललेली नव्हती.

बैठक सकाळची होती, देवळातच. मी आदल्या दिवशी गेले होते. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि फळीवरचा डबा उचलला. मी विचारलं, हा कशाला. त्यांनी तो टॉवेलात गुंडाळून काखेत मारला. देवळात शिरताना त्यांचा पाय उंबऱ्याशी क्षणभर थांबलेला मी पाहिला, मग ते आत गेले आणि नेहमीच्या खांबापाशी बसले.

मी सांगायचं ते सांगितलं. काय बदललं, कुणालाही नाव बदलायला का लागणार नाही. शाळासोबत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "समद्यांचं एकच नाव आसलं तरी चालंल म्हणतीस. आन तुझ्या बापाचा नंबर येगळाच ऱ्हाणार. म्हंजे बंद पडलं तर आमचंच पडणार, त्यांचं न्हाई. व्हय का न्हाई?"

ते खरं होतं.

आबा उठले. डबा त्यांनी बोर्डाला लावला, खिशातून फोन काढला आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. मी जवळ जाऊन बघितलं. ते नावाच्या रकान्यातला आपला नंबर पुसत होते.

"आबा, नको," मी हळूच म्हणाले. "अजून पाण्यावर चाललेलं नाही ते. तुमचा राहू द्या तसाच."

"म्हणून तर," आबा म्हणाले. त्यांनी एकेक अक्षर शोधत भैरोबा लिहिलं. मग मंडपाकडे वळले. "माझं आता येगळं काय न्हाई. मुका झाला तर समद्यांसंगं हुईल." आणि मला विचारलं, "पोचलं का?"

मी "पोचलं" म्हणाले. मी कोड लिहिला होता, पण त्या कोडावर स्वतःची अब्रू टाकायची हिंमत माझ्यात नव्हती. ती त्यांच्यात होती. बैठकीने ठरवलं की हे एक आवर्तन बघायचं, आणि अध्यक्षांचं काय ते मग.

आवर्तन आलं तेव्हा मी माधवनगरला होते. रजा संपली होती. सकाळी साडी नेसून, केसही न विंचरता मी माडीवर जाऊन बसले. सासूबाई पोहे घेऊन आल्या आणि खाली न जाता माझ्यामागे उभ्या राहिल्या. स्क्रीन रिकामी होती. मग एक ओळ आली.

भैरोबा, पाणी आलं, पोचलं.

मग दुसरी. भैरोबा. मध्ये चुलत्याचा बैल येऊन गेला. मग पुन्हा भैरोबा, आणि पुन्हा. वर लाईट गेली असावी, कारण मध्येच सगळं थांबलं. मग त्याच चालीने ते पुन्हा येऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "यातला तुझ्या वडलांचा कुठला?" मी ओळींवरून बोट फिरवत गेले. सगळ्या सारख्याच. मला ओळखता येईना.

तेवढ्यात आबांचा फोन आला. मागे खूप आवाज होता, माणसांचा, भांड्यांचा, कुणीतरी मोठ्याने चहा सांगत होतं. ते घरी नव्हते आणि शेतावरही नव्हते. देवळाच्या कट्ट्यावर होते. मी घाईने विचारलं, "आबा, आपला बोलला का?"

"कुठला आपला?" आबा म्हणाले. त्यांच्या शेजारून शाळासोबत्यांचा खोकल्यासारखा हसण्याचा आवाज आला, आणि मग कट्टाच हसला.